बर्फावरचा राहिलेला डाव

आमच्या ब्रिस्टलच्या मित्रमंडळींत कुणी स्कीइंगचा विषय काढला की मी आधी एकच विचारतो, तुम्ही माझ्या बायकोला बर्फावरून खाली येताना पाहिलंय का? नाही ना? मग बसा, चहा घ्या, मी सांगतो. तेवढ्यात किचनमधून आवाज येतोच, "अहो, पुरे आता! दहा वेळा सांगून झालंय." झालं असेल. मी अकराव्यांदा सांगणार. या वेळी तर लिहूनच काढतोय, म्हणजे मधे कुणी बोलायला नको.

चहाबरोबर सांगताना मी त्यातला एक भाग नेहमी गाळतो. इथे गाळणार नाही. पंधरा वर्षं मी एक गोष्ट बायकोपासून लपवली होती, आणि ती त्या बर्फात बाहेर आली. त्यामुळे माझी शोभा झाली ती झाली, पण तिचा मला जो अभिमान आहे तो या भागाशिवाय अर्धाच कळतो.

ऐंशीच्या दशकातला शेवटशेवटचा हिवाळा. मी विमानांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये होतो. बायको कौन्सिलच्या ऑफिसात क्लार्क. मुलगी बारा वर्षांची. तिच्या शाळेने वर्गाला एका खोट्या बर्फाच्या टेकडीवर नेलं होतं. खोटा बर्फ म्हणजे हिरव्या ब्रशसारखी चटई हो, दुसरं काही नाही. पण त्या चटईवरून चार वेळा घसरून आल्यापासून कार्टी जेवताना, झोपताना एकच धरून बसली, "बाबा, आपण खऱ्या स्नोवर कधी जायचा?" इंग्लंडात वाढलेल्या पोरीचं मराठी हे असंच. नेमका त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसच्या सोशल क्लबने नोटिसबोर्डवर कागद लावला. ऑस्ट्रियात एक आठवडा, कोचने जायचं, शिकवण्यासकट.

मी म्हटलं, पैसे देऊन हाडं मोडून घ्यायची? आपल्याला काय गरज पडलीय? तरी पोरीच्या समाधानासाठी ब्रोशर घरी आणून टाकलं. तीन दिवसांनी किचनच्या टेबलावर ते पुन्हा दिसलं. आतल्या एका ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलेली होती. ओळ अशी, की शेवटच्या दिवशी नवशिक्यांची शर्यत होईल आणि विजेत्यांना मेडल मिळेल. मुलीचं काम नव्हतं ते, ती सगळं जांभळ्या फेल्ट पेनने करायची. बायको पोळ्या लाटत होती. मान न वळवता म्हणाली, "जाऊ या की."

ती रेघ कुणी मारली आणि का मारली, हे मला बरोबर कळलं होतं.

माझी बायको खो-खो खेळायची. गल्लीतला खेळ नव्हे, राज्याच्या संघात होती. तिच्या वेळच्या मुली सांगतात, ती पळतीला असली की समोरचे गडी रडकुंडीला यायचे, अशा हुलकावण्या द्यायची. पाठलागाला आली की मग तर विचारूच नका. मैदानाच्या टोकाला तो लाकडी खांब असतो ना, तो एका हाताने धरून गर्रकन वळायची आणि सूर मारून पळणाऱ्याला बाद करायची. कोपरं कायम सोललेली. लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी एवढीच विनंती केली होती, की लग्न डिसेंबरात आहे, जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धा आहे, तेवढी एक खेळू द्या. मी मान डोलावली होती.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी तिला खो-खो शिकवणाऱ्या बाई आमच्या पुण्यातल्या घरी आल्या, कधी पाठवता विचारायला. मी आतल्या खोलीत होतो. आई आत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई आल्यात. काय सांगू? मला विचारशील तर खेळू दे रे पोरीला, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे." मी म्हटलं, "नको. नाही म्हणून सांग." का? तर आदल्या दिवशी कट्ट्यावर मित्रांनी माझी यथेच्छ टिंगल केली होती. वहिनी हाफ पँट घालून पळणार आणि तू बाहेर लिंबाच्या फोडी घेऊन उभा राहणार का, वगैरे. इंजिनिअर होतो, इंग्लंडची नोकरी हातात होती, आणि अक्कल एवढीशी. वर आईला बजावलं, "आणि माझं नाव घेऊ नकोस."

आईने पदर सारखा केला. मग बाहेर जाऊन म्हणाली, "आमच्या घरात सुनांनी असं खेळलेलं चालत नाही." स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या नव्या नवरीने ते ऐकलं. ती ना रडली, ना भांडली. तिने आपली खो-खोची तपकिरी कॉलरची जर्सी घडी घालून ट्रंकेत ठेवून दिली, आणि तीन महिन्यांनी आम्ही त्या ट्रंकेसकट इंग्लंडला आलो.

तेव्हापासून पंधरा वर्षं ती माझ्या आईला पत्र लिहायची ते चार ओळींचं. वर सा. न. वि. वि., खाली आपली सून, मधे हवापाणी. पुण्याला गेलो की पाया पडायची, सगळं करायची, पण आईच्या शेजारी कधी बसली नाही. आई तिची अढी निमूट सोसत राहिली, आणि मी दोघींच्या मधे खुशाल पेपर वाचत बसायचो. एकदा जरी तोंड उघडलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता पंधरा वर्षं गेली.

तर असे आम्ही निघालो. शेजारच्या इंग्लिश कुटुंबाने त्यांचे स्कीचे कपडे उसने दिले. बायकोच्या वाट्याला झगझगीत गुलाबी रंगाचा अखंड सूट आला, माझ्या वाट्याला मोहरीसारखा पिवळा. कोचमध्ये चोवीस तास. मेतकूट, दशम्या आणि लसणीच्या चटणीचा वास सुटल्यावर आमच्या मागच्या सीटवरचा अकाउंट्समधला पोरगा विचारायला लागला, हे काय आहे, आणि फ्रान्स संपेपर्यंत त्याने निम्म्या दशम्या फस्त केल्या.

पहिल्या दिवशी सकाळी बूट घालण्यातच माझा निम्मा जीव गेला. ते बूट म्हणजे पायात दोन बादल्या अडकवाव्यात तसे. मी ब्रिस्टलच्या लायब्ररीतून पुस्तक आणून सगळा सिद्धांत पाठ केला होता. गुरुत्वमध्य कुठे ठेवायचा, भार कोणत्या पायावर टाकायचा, कागदावर बाण काढून बायकोला समजावलंही होतं. ती "हं, हं" करत मटार सोलत होती.

आमचे मास्तर साठीचे होते. उन्हाळ्यात गाई पाळायचे, हिवाळ्यात आमच्यासारख्यांना. इंग्रजी बेताचंच. एकच शब्द सकाळपासून संध्याकाळपर्यंत, "नीज! नीज!" म्हणजे गुडघे वाकवा. मी गुरुत्वमध्याचा विचार करत उभा होतो तोवर माझे पाय निघून गेले आणि मी तिथेच आडवा. उठलो, पुन्हा आडवा. आमच्या ऑफिसातले बाकीचे सातआठ जणही रांगेत ताठ उभे राहून एकेक करून कोसळत होते. मास्तर ओरडून ओरडून लाल झाले.

मग बायकोची पाळी आली. ती मुळात उभीच राहिली नाही. उकिडवी बसल्यासारखी खाली झाली, पाठ पुढे, नजर समोर, हात मोकळे. खो मिळायची वाट बघत रांगेत बसतात ना, अगदी तशी. आणि निघाली. पडली नाही असं नाही, पडली, पण पडली तशीच अंग वळवून उठली, चेंडू उसळावा तशी. मास्तरांचा ओरडण्यासाठी उघडलेला जबडा तसाच राहिला. त्यांनी तिला हातानेच विचारलं, कुठे शिकलीस? ती म्हणाली, "खो-खो." मास्तरांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी आम्हा सगळ्यांना तिच्याकडे बोट दाखवून सांगितलं, "खो-खो! लुक! खो-खो!"

मला काय वाटलं सांगू? पहिल्या दिवशी राग आला. खोटं कशाला बोला! एवढं पुस्तक वाचलं मी, आणि मटार सोलणारी बाई पुढे. दुसऱ्या दिवशी जरा कमी राग आला. तिसऱ्या दिवशी ती उतारावरून डावीकडे हूल देऊन उजवीकडे वळली, आणि वळताना तिच्या तोंडावर जे हसू होतं ते मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. पस्तिशी ओलांडलेली बाई, एका मुलीची आई, पण दिसत होती वीस वर्षांची. मग मात्र माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ऑफिसातल्या प्रत्येकाला कोपर मारून सांगत सुटलो, "दॅट्स माय वाइफ." त्यांना माहीत होतंच. तरी सांगितलं.

तिला हातातल्या काठ्यांची अडचण व्हायची. बुधवारी तिने त्या सरळ बर्फात खोचून ठेवल्या आणि मोकळ्या हातांनी गेली. मास्तरांनी चालवून घेतलं. तोवर त्यांनी तिच्याकडून एवढं शिकून घेतलं होतं, की तिला निघायला सांगायचं तर "गो" म्हणायचं नाही, पाठीवर थाप मारून "खो!" म्हणायचं.

शुक्रवारी अकराला शर्यत होती. आदल्या संध्याकाळी जेवताना मुलगी म्हणाली, "आई, तू जिंकणार उद्या." बायको म्हणाली, "गप जेव." पण तिने स्वतः दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. मॅचच्या आधी तिला जेवण जात नसे, हे तिच्या आईने मला कधीतरी सांगितलेलं होतं.

आणि शुक्रवारी सकाळी मी काय करावं? दहा वाजता, शर्यतीच्या आधी जरा सराव म्हणून, मी तिला मागे टाकायला गेलो. कशाला? कुणी सांगितलं होतं? एका पायाने डावीकडे जायचं ठरवलं, दुसऱ्याने उजवीकडे, आणि मधल्या मधे गुडघा असा काही पिळवटला की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दोघांनी धरून मला खाली आणून बाकावर बसवलं. पाच मिनिटांत गुडघ्याचा भोपळा झाला.

आमच्या टूर कंपनीची एक तरुण इंग्लिश पोरगी होती, हातात कायम पॅड. ती धावत आली. डॉक्टर खालच्या गावात आहेत, बस साडेदहाला, इन्शुरन्सचे फॉर्म भरायला लागतील, तेव्हा मिसेसना बरोबर घेऊन जा. तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या मते ते ठरलेलंच होतं, नवऱ्याला लागलं की बायको जाणार.

बायकोच्या मतेही ते ठरलेलंच होतं. ती बर्फात एक गुडघा टेकून बसली आणि बुटाचे चाप उघडायला लागली. एक, दोन. बसमध्ये गरम होईल म्हणून तिने सूटची चेन गळ्यापासून थोडी खाली ओढली. आत तपकिरी कॉलर दिसली.

म्हणजे ट्रंकेतून काढून, ब्रिस्टलहून, एवढ्या लांब तिने ती जर्सी आणली होती. मला सांगितलं नव्हतं, मुलीलाही नव्हतं. सकाळी अंधारात उठून आतून घातली होती, आणि आता जर्सी तशीच परत निघाली होती. चाप उघडताना तिचा चेहरा अगदी शांत होता. त्या दिवशी पुण्यात स्वयंपाकघराच्या दारात तिचा चेहरा कसा होता हे मी पाहिलं नव्हतं, कारण मी आतल्या खोलीत लपलो होतो. तो असाच असणार, हे मला आता समोर दिसत होतं.

"बूट काढू नकोस," मी म्हटलं.

"अहो, बस चुकेल."

"चुकू दे! बूट काढू नकोस म्हणतो ना!" मी एवढ्या जोरात ओरडलो की ती पॅडवाली पोरगी दोन पावलं मागे सरली. तिला मी इंग्रजीत सांगितलं, ही कुठेही येणार नाही. ही शर्यतीत उतरणार आहे. मी दुपारच्या बसने एकटा जाईन, फॉर्म भरायला मला दोन हात आहेत. आणि सुजेवर बर्फ लावायचा तर इथे आख्खा डोंगर पडलाय.

बायकोने माझ्या गुडघ्याकडे बोट केलं. "दुखत नाही का?" तिने विचारलं.

"मरणाचं दुखतंय. जा तू."

तिने चाप पुन्हा लावले, एक, दोन, आणि वर जाणाऱ्या लिफ्टकडे निघाली. मला खाली आणणाऱ्या त्या दोघांनीच मला बाकासकट उचलून शर्यतीच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन ठेवलं. गुडघ्यावर मुलीने बर्फाचा ढीग रचला आणि स्वतः कॅमेरा घेऊन रेषेजवळ उभी राहिली.

उतारावर लाल आणि निळे असे बारा खांब रोवले होते. प्रत्येकाला वळसा घालत यायचं, रेषेवर एक जण घड्याळ घेऊन उभा. आमचे ऑफिसवाले एकेक करून आले. कुणी खांबाला सोडून भलतीकडेच, कुणी बसूनच, एक तर उलटा आला. दशम्यावाला पोरगा मात्र चांगला आला. तरुण रक्त. टाळ्या झाल्या.

मग वर एक गुलाबी ठिपका दिसला. मास्तर तिच्या मागे होते. एवढ्या लांबून काय ऐकू येणार? पण त्यांनी वाकून तिच्या पाठीवर थाप मारली, आणि तो आवाज मला आला असं मी शपथेवर सांगेन. खो!

पहिला खांब, दुसरा, तिसरा. ती इतकी खाली वाकली होती की खांबाच्या मागे गेली की दिसेनाशी व्हायची. "चल!" मी ओरडायला लागलो. "चल! चल! पळ!" बाजूचे इंग्लिश लोक माझ्याकडे बघायला लागले. बघेनात का! पंधरा वर्षांपूर्वी मैदानाबाहेर उभं राहून जे ओरडायचं राहिलं होतं ते सगळं मी त्या बाकावर ओरडून घेतलं. सातवा, आठवा. नवव्याला पाय जरा घसरला, माझा जीव टांगणीला. सावरली. दहावा, अकरावा.

बाराव्या खांबाशी ती फारच वेगात आली. दुसरं कुणी असतं तर सरळ पुढे गेलं असतं. पण तिचा डावा हात आपोआप बाहेर आला. मी तो हात पाहिला आणि कळलं काय होणार ते. तिने खांब धरला, पुण्याच्या मैदानावर धरायची तसा, आणि त्याच्याभोवती गर्रकन वळली. फरक इतकाच की तो खांब दोन हात मातीत पुरलेला होता आणि हा वीतभर बर्फात. ती वळली ती वळली, खांब मुळासकट तिच्या हातात आला. एक स्की निसटून गेली. आणि मग माझ्या बायकोने, कौन्सिलच्या ऑफिसातल्या क्लार्कने, हवेत सूर मारला. पोटावर पडली, रेषेवरून तशीच घसरत आली, एका हातात खांब, दुसरा हात पुढे ताणलेला, आणि तो हात थेट माझ्या बुटावर आपटला.

"बाद!" ती ओरडली.

मग जो गलका झाला! मुलगी कॅमेरा हातात घेऊन नाचत होती, "आई उडला! बाबा, आई उडला!" घड्याळवाला डोकं खाजवत होता, कारण खांब घेऊन येणाऱ्याचं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. ती मात्र तिथेच बर्फात पडून हसत होती. हनुवटीवर बर्फ, डोळ्यांत पाणी, बुटावरचा हात अजून तसाच.

मला राहवलं नाही. मी खाली वाकलो आणि म्हटलं, "त्या वेळी 'नाही' मी म्हटलं होतं. आईने नव्हे."

तिला आधी कळलंच नाही. मग हसू हळूहळू गेलं. उठून बसली. "म्हणजे?"

"बाई आल्या होत्या तेव्हा. आई म्हणाली होती, खेळू दे पोरीला. मीच नको म्हटलं. आणि माझं नाव घेऊ नको म्हणून सांगितलं."

"आई म्हणाल्या होत्या? खेळू दे?"

"हो."

वरून मागचे स्पर्धक येत होते, कुणीतरी तिला बाजूला व्हायला सांगितलं, ती सरकली नाही. मग म्हणाली, "तुम्ही फार नालायक आहात." आवाज चढवून नाही, शांतपणे. मी म्हटलं, "हो."

ती उठली. उरलेली स्की काढली, खांब मुलीच्या हातात दिला आणि मला म्हणाली, "चला."

"डॉक्टरकडे?"

"गुडघा गेला खड्ड्यात. पोस्टात चला, फोन लावायचाय."

आम्ही उतरलो होतो त्या गावातल्या पोस्टात फोनच्या लाकडी खोल्या होत्या. मी एका पायावर उड्या मारत तिच्या मागून गेलो. पुण्यात आमच्या घरी फोन नव्हता, शेजाऱ्यांकडे लावायचा आणि त्यांनी आईला हाक मारायची. तिकडे संध्याकाळ होती. शेजाऱ्यांचा आवाज, मग चपलांचा आवाज, मग आई. फोनवर आई कायम ओरडून बोलायची, त्यामुळे दाराबाहेर मला सगळं ऐकू येत होतं.

"कोण? काय झालं? बरे आहात ना सगळे?"

"सगळे बरे आहेत, आई. यांचा गुडघा सुजलाय, काही विशेष नाही." मग तिने रिसिव्हर दोन्ही हातांत धरला. "आई, यांनी आज सांगितलं मला. त्या वेळचं. बाई आल्या होत्या तेव्हाचं."

मी दाराच्या आणखी जवळ सरकलो.

"कशाला सांगितलं गाढवाने?" आई म्हणाली.

बायकोने भिंतीला कपाळ टेकलं. "आई, माझं चुकलं. पंधरा वर्षं मी तुमच्याशी..."

"अगं, राहू दे गं ते. फोनवर कशाला रडतेस."

"आई, मी आज खेळले. इथे बर्फावर. शर्यत होती, बारा खांब होते."

आणि माझी आई, सत्तरीची, जिच्या माथी मी ते सगळं मारलं होतं, तिने बर्फ कसला हे विचारलं नाही, खांब कसले हे विचारलं नाही. ती एवढंच ओरडली, "जिंकलीस का?"

निकाल संध्याकाळी लागायचा होता. बायकोने दाराच्या काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात मान हलवली.

"हो, आई," ती म्हणाली. "जिंकले."

"अहो, ऐकलंत का!" आईचा आवाज फोनपासून लांब गेला, शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात. "आमची सून जिंकली!"

संध्याकाळी निकाल लागला. दशम्यावाला पोरगा पहिला, माझी बायको दुसरी, खांबासकट. घड्याळवाल्याने हरकत घेतली होती, पण मास्तर म्हणे टेबलावर मूठ आपटून भांडले. मेडल गळ्यात घालताना त्यांनी तिच्याशी हात मिळवला आणि मला सोडून सगळ्या खोलीने उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला उभं राहता येत नव्हतं. मी बसून ओरडलो.

महिन्याभराने आईचं पत्र आलं, पहिल्यांदाच माझ्या नावाने नव्हे, बायकोच्या नावाने. आईने गल्लीत पेढे वाटले होते. फोटो पाठव म्हणून लिहिलं होतं, आणि खाली, हाफ पँटीतला नसला तरी चालेल. बायकोने सहा पानी उत्तर लिहिलं. मी विचारलं, दुसरी आलीस ते लिहिलंस का? ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसा. गप्प बसायची तुम्हाला सवय आहे." ते आम्ही पुण्याला शेवटपर्यंत कळवलं नाही.

फोटो मात्र पाठवला. आई गेली तेव्हा तिच्या कपाटाच्या आतल्या दारावर तोच चिकटवलेला होता. बर्फावर आडवी झालेली तिची सून, गुलाबी सूटच्या गळ्यातून तपकिरी कॉलर, एका हातात खांब, दुसरा हात पुढे. मी त्यात नाही. कडेला फक्त माझा बूट आहे, आणि त्यावर तिचा हात.